वाई आणि कृष्णेचं वरचं खोरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरचं खोरं म्हणजे नेमका कुठला भाग?

क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते. तिथून खाली उतरून ती माहुलीला वेण्णेला भेटते, तोवरचा पट्टा इथे धरला आहे. वाटेत बलकवडी, धोम, मेणवली, वाई, भुईंज आणि लिंब ही गावं लागतात. उत्तरेला पांडवगड, दक्षिणेला पाचगणीचं पठार आणि पुढे वैराटगड. या डोंगरांच्या मधली सपाटी अरुंद आहे, पण माती कसदार. हळद, ऊस, ज्वारी, सगळं पिकतं.

खोरं समजून घ्यायचं तर आधी पावसाचा हिशेब बघावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम ३२ किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. म्हणजे वाईत ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. इथले घाट, देवळं, वाड्यांची जोती, आळ्यांची रचना हे सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे. म्हणून इथलं कुठलंही गाव रस्त्यावरून पाहण्याआधी पाण्याच्या बाजूने पाहावं.

वाईच्या सात आळ्या कोणत्या?

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक आळीला स्वतःचा घाट आहे. वाई नदीच्या डाव्या तीरावर वसली आहे, त्यामुळे आळीतले बोळ उताराने घाटाकडे येतात आणि बोळाच्या तोंडाशी पायऱ्या सुरू होतात. जुनी बाजारपेठ याच्या मागे, पाण्यापासून जरा लांब.

नव्या माणसाला हे सलग एकच नदीकाठ वाटतं. राहणाऱ्यांना तसं वाटत नाही. पाणी भरणं, धुणं, संध्या, श्राद्ध, उत्सव हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या घाटावर होत आलं. पत्ता सांगतानाही आधी आळी येते, मग घर. आता घरोघर नळ आले, तरी उत्सवाची वर्गणी अजून आळीचीच निघते.

आळी, पेठ, कसबा, मौजे, वाडी यांत फरक काय?

जुने कागद वाचणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे, नाहीतर गाव शोधताना फसगत होते.

कसबा म्हणजे परगण्याचं, जुन्या महसुली विभागाचं, मुख्य ठिकाण. कागदात ‘कसबे वाई’ असं येतं. मौजे म्हणजे शेतकऱ्यांचं साधं गाव, जसं ‘मौजे मेणवली’. पेठ ही मुद्दाम वसवलेली बाजारवस्ती. व्यापाऱ्यांना बोलावून कौल, म्हणजे लेखी अभय, द्यायचा, काही वर्षं करात सूट द्यायची आणि बाजाराचा कारभार शेटे-महाजनांकडे सोपवायचा, अशी ती वसे. साताऱ्यात सोमवार, मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा आहेत, कराडातही आहेत. आळी मात्र कुणी हुकूम काढून वसवत नाही. एकाच व्यवसायाची, जातीची किंवा एका देवळाभोवतीची घरं जवळजवळ उभी राहिली की त्यांची आळी होते. वाडी ही मूळ गावातून फुटून निघालेली छोटी वस्ती.

आणखी एक जोडी नेहमी घोटाळा करते. नावापुढे ‘बुद्रुक’ असेल तर ते थोरलं गाव आणि ‘खुर्द’ असेल तर धाकटं. बुद्रुक हे बुजुर्गचं रूप आहे. आज खुर्द मोठं झालेलं आणि बुद्रुक लहान राहिलेलं सापडेल, पण नाव त्या काळचं सांगतं.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत अशी निमुळती का?

पुरासाठी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये अगदी घाटावर बांधलं. इतक्या खाली बांधायचं म्हणजे दर पावसाळ्यात पाण्याला तोंड द्यायचं. सपाट भिंतीवर प्रवाह सरळ आदळतो, मागे भोवरा होतो आणि पाया उकरला जातो. म्हणून गाभाऱ्याची मागची बाजू माशाच्या आकाराची केली. पाणी टोकावर फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पुलाच्या खांबाला प्रवाहाकडच्या बाजूने टोक काढतात, तोच विचार इथे देवळाला लावला आहे.

समोरून दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. पाणी उतरलं असेल तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवरून वळसा घालून मागे जा. चिरे एकमेकांत किती घट्ट बसवले आहेत ते तिथेच दिसतं. आत एकाच पाषाणातली भव्य गणेशमूर्ती आहे. तिच्या आकारामुळेच लोक त्याला ढोल्या म्हणतात, आणि तो शब्द इथे प्रेमाचा आहे.

वाईतली इतकी देवळं रास्त्यांनीच का बांधली?

रास्ते हे पेशव्यांचे सरदार आणि सोयरेही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या त्या आई. त्यामुळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसा, कारागीर आणि राजाश्रय तिन्ही एकदम वाईत आले. गणपतीशेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांचं, १७५७ चं. त्याचा तुळतुळीत काळा नंदी हात न लावता, डोळे जमिनीलगत आणून बघा. गळ्यातल्या घंटांच्या माळा दगडात किती मोकळ्या कोरल्या आहेत ते उभ्याने कळत नाही.

‘दक्षिण काशी’ आणि ‘विराटनगरी’ ही नावं खरी मानायची का?

‘दक्षिण काशी’ हे वर्णन आहे. नदी, घाट, विश्वेश्वर, वेदपाठशाळा आणि शास्त्री एकत्र नांदले म्हणून लोकांनी तसं म्हटलं. नाशिक, पैठण, कऱ्हाड अशी आणखीही ठिकाणं हा मान सांगतात, त्यात भांडण्यासारखं काही नाही.

‘विराटनगरी’ ही लोकश्रद्धा आहे. पांडव अज्ञातवासात इथे राहिले असं सांगतात, आणि पांडवगड, वैराटगड, भीमकुंड या नावांनी ती गोष्ट जमिनीला बांधून ठेवली आहे. इतिहास म्हणून ती लिहू नये. पण वस्ती जुनी आहे यात शंका नाही. वाईजवळ लोहारे गावच्या हद्दीत पालपेश्वरची बौद्ध लेणी आहेत. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या वाटांचा आणि व्यापाराचा त्या लेण्यांशी संबंध आहे, आणि रास्त्यांच्या देवळांपेक्षा त्या हजाराहून जास्त वर्षांनी जुन्या आहेत.

कृष्णाबाईचा उत्सव कधी असतो? एकाच दिवशी सगळीकडे का नाही?

माघात सुरू होतो आणि आळीपाळीने सातही घाटांवर होतो. ‘आळीपाळीने’ हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत आणून बसवतात. मग काही दिवस पूजा, लघुरुद्र, कीर्तन, हळदीकुंकू आणि महाप्रसाद. एका आळीचा उत्सव उठला की दुसरीचा बसतो.

याची सुरुवात अफझलखानाच्या स्वारीशी जोडली जाते. खानाचा मुक्काम वाईत होता आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. संकट टळावं म्हणून कृष्णेला केलेल्या नवसातून उत्सव आला, असं परंपरा सांगते. नदीला आई मानून घरच्या लेकीसारखं मांडवात आणून बसवायचं, ही यातली सगळ्यात हृद्य गोष्ट आहे.

बघायला यायचं असेल तर आधी आळीतल्या कुणाला तरी तिथी विचारा. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, आणि चुकीच्या घाटावर गेलात तर रिकाम्या पायऱ्या दिसतील.

कन्यागत म्हणजे काय?

गुरू कन्या राशीत येतो तो काळ. सुमारे १२ वर्षांनी येतो. त्या वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. मागचं कन्यागत २०१६ मध्ये लागलं, पुढचं २०२८ च्या सुमारास. वाईइतकीच त्या वेळी नरसोबाच्या वाडीलाही गर्दी असते.

मेणवलीचा वाडा कुणाचा? आत जाता येतं का?

नाना फडणवीसांचा. मेणवली त्यांना १७६८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींकडून इनाम मिळाली. त्यानंतर नानांनी वाडा, नदीवर चंद्रकोरीसारखा घाट, आणि मेणेश्वर व विष्णू यांची देवळं बांधली. वाई तिथून तीनेक किलोमीटर. वाडा सहा चौकांचा आहे आणि आजही खासगी मालकीचा आहे. त्यामुळे तो कधी उघडा असेल हे तिथेच विचारावं लागतं. चित्रीकरण चालू असेल तर आत सोडत नाहीत. घाट मात्र सगळ्यांना खुला आहे.

वाडा बघताना चौक मोजत आत जा. पहिल्या चौकात येणारेजाणारे, कारकून, पागा, पुढे कचेरी, त्याच्याही आत घरची माणसं. परका माणूस किती आत येऊ शकतो हे चौकच ठरवत. दरवाज्याचं मोठं दार बंद करून छोट्या दिंडीतून वाकून यायला लावायचं, हाही त्याचाच भाग. भिंतींवरची रंगीत चित्रं चुन्याच्या गिलाव्यावर आहेत. त्यांच्यावर फ्लॅश मारू नका आणि पाठ टेकू नका. अंगाचा घाम आणि ओल लागली की पापुद्रा सुटतो, आणि तो परत बसवता येत नाही.

मेणवलीच्या घाटावर ख्रिस्ती घंटा कशी आली?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा मुलखातल्या देवळांत पोचल्या. मेणवलीची घंटा त्यांतलीच एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती ओतलेली आहे. ती बघायची असेल तर घंटेखाली उभं न राहता बाजूने, सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. भर दुपारी उठाव सपाट दिसतो.

धोमला नंदी पाण्यात का बसवला आहे?

धोमच्या देवळात नंदीभोवती दगडी हौद आहे आणि नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे. हौद भरला की कासव पोहतंय आणि नंदी त्याच्यावर तरंगतोय असं वाटतं. कमळाच्या आकाराचा हौदही आहे. कोरडा हौद पाहून निराश होणारे पुष्कळ, म्हणून पावसाळा संपता संपता जावं.

धोम धरणाने काय बदललं?

धरण गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातलं, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. कालव्यांनी कोरड्या बाजूला पाणी गेलं, ही मोठी मिळकत. वरची गावठाणं पाण्याखाली गेली आणि त्या माणसांनी दुसरीकडे बिऱ्हाडं थाटली, ही तिची किंमत. इतिहास सांगताना दोन्ही सांगायला हवं.

वाईपुरता फरक असा. पूर्वी नदी पावसाच्या मर्जीने चढायची, आता धरणाच्या दारांप्रमाणे चढते. पण पावसाळा सरल्यावर प्रवाह मंदावतो. दरवर्षी घाट धुऊन नेणारे मोठे लोट कमी झाले, गाळ आणि सांडपाणी साचू लागलं, जलपर्णी पसरू लागली. घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळात गेल्या आहेत त्या यामुळे. जलपर्णी काढताना ती उपसून काठावरच ठेवली तर पुढच्या चढावात पुन्हा पात्रात जाते. ती लांब नेऊनच टाकावी लागते.

वाईला विद्येचं गाव का म्हणतात?

प्राज्ञपाठशाळेमुळे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती उभी केली. विनोबा भावे तिथे शिकायला आले होते. केवलानंदांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं काम वाईत आलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. सगळा कारभार मुंबई-पुण्यात असताना एवढा मोठा ग्रंथ तालुक्याच्या गावी घडला, याचा वाईकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

बावधनच्या बगाडाचा नदीशी काय संबंध?

बगाड, म्हणजे यात्रेचा गाडा, निघतं तेच नदीकाठच्या सोनेश्वराहून. तिथे आंघोळ-पूजा झाली की ते वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाकडे ओढत आणतात. दिवस रंगपंचमीचा. दगडी चाकांचा गाडा, त्यावर उभा खांब आणि खांबावर फिरणारं लांब शीड. शिडाच्या टोकाला बगाड्याला बांधतात. बगाड्या कोण हे होळीला कौल लावून ठरतं. गाडा बैल ओढतात आणि शेतांतून जाताना बैलजोड्या बदलत राहतात, कारण चाकं मऊ मातीत रुततात. बघायला जाणाऱ्याने चाकांच्या रेषेत किंवा बैलांच्या पुढे उभं राहू नये. रुतलेलं चाक सुटलं की गाडा एकदम झेप घेतो.

लिंबची बारा मोटांची विहीर कुठल्या काळातली?

शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. वीरुबाई भोसले यांनी बांधली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. आजूबाजूच्या आमराईला पाणी द्यायला ती होती. विहिरीच्या मध्येच छोटा महाल आहे आणि वर मोटा जोडायच्या जागा अजून दिसतात. पावसाळ्यानंतर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे बूट घालून उतरू नका.

क्षेत्र माहुली आणि संगम माहुली एकच का?

नाही. कृष्णा-वेण्णा संगमाला समोरासमोरच्या तीरांवरची ही दोन गावं. पूर्वेची क्षेत्र माहुली, साताऱ्याकडची संगम माहुली. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं. छत्रपती शाहू महाराजांचे अंत्यसंस्कार १७४९ मध्ये इथे झाले. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन माहुलीकडेच आहे, त्यामुळे गाडीने आलात तर शहराआधी इथेच थांबा.

खालच्या खोऱ्यातही गावं अशीच पाण्याच्या हिशेबाने वसली आहेत का?

हो, पण हिशेब वेगळा. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. नरसोबाच्या वाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की लोक त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि स्नानाला धावतात.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. अरुंद तोंडाची, वीस-पंचवीस फूट खोल, घट्ट मातीत खणलेली. आत हवा खेळत नसल्याने हळदीला कीड लागत नाही. पण तीच गोष्ट माणसाच्या जिवावर येते. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. काही तास तोंड उघडं ठेवतात, मग पेटता कंदील दोरीने सोडतात. तो विझला तर आत प्राणवायू नाही. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरलं आणि पुष्कळ हळद गेली.

देवळावरच्या शिलालेखाचं साल कसं काढायचं?

आधी अक्षरं वाचता आली पाहिजेत. खडू, पीठ, तेल काहीही चोळू नका, दगडाची छिद्रं बुजतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड सोडा, की झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. शेंदूर किंवा ऑइलपेंटचे थर असतील तर स्वतः खरवडू नका.

लेखात शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. वाचन बरोबर आहे का हे संवत्सराच्या नावावरून तपासता येतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक (शून्य उरलं तर साठावा, क्षय). शके १६८४ घ्या. १६९६ ला ६० ने भागलं की बाकी १६, म्हणजे चित्रभानू. लेखात वेगळं नाव असेल तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचला आहे. झिजलेले १ आणि ९ सगळ्यात जास्त फसवतात.

आमचं घराणं कोणत्या आळीतलं, हे कागदांतून कसं शोधायचं?

आजपासून मागे जा. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा, तिच्यावरून सनद आणि जुने फेरफार. शेतजमीन असेल तर सातबारावरचे फेरफार क्रमांक एकेक करून मागे न्या. इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर. तिथे कागद मोडी लिपीत आहेत. आडनाव घेऊन गेलात तर हाती फारसं लागत नाही, कारण जुन्या कागदात माणूस ‘अमुक बिन तमुक’ किंवा हुद्द्याने येतो. गाव, परगणा आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा.

साल बहुतेकदा अरबी शब्दांत असतं, ते सुहूर सन. ‘सितैन मया अलफ’ म्हणजे साठ, शंभर, हजार मिळून ११६०. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. म्हणजे ११६० हे १७५९-६०. शब्द उलट्या क्रमाने, एकं-दहं-शतं असे येतात हे विसरलं की सगळा हिशेब बिघडतो.

वाईला जायला बरा काळ कोणता आणि कसं जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्याहून येताना सुरूर फाट्याला वळा, साताऱ्याहून येताना पाचवडला. घाट पहाटे बघावेत. आळीतल्या ओट्यांवर बसण्याआधी विचारावं, ते घरांचेच भाग आहेत. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल तर पायऱ्यांवर उतरूच नये.

आमच्या आळीच्या घाटाच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, उघडल्यात. सिमेंट भरलं तर चालेल का?

नको. घाटाच्या पोटात पाणी कायम मुरत असतं. चुन्याच्या दरजेतून ते हळूहळू बाहेर येतं. सिमेंटची दर्ज ते अडवते, मागे दाब धरतो आणि शेवटी सिमेंट टिकून चिऱ्याची कड फुटते. दोन-तीन पावसाळ्यांत दर्ज पोपड्यासारखी सुटते आणि जाताना दगडाचा टवका घेऊन जाते.

आधी वास्तू संरक्षित आहे का ते पाहा. असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नसेल तर काम पाणी उतरल्यावर, थंडीत काढा. जुनी सैल दर्ज दोन-तीन सेंटिमीटर खोल हाताने उकरा, ग्राइंडर लावू नका. पिंपळाचं रोप उपटू नका. मूळ दोन चिऱ्यांत जाड झालेलं असतं, ओढलं तर चिरा हलतो. बुंध्याशी कापून मूळ मारून टाका आणि पोकळी चुन्याने भरा. कळीचा चुना विरवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली वाळू, आणि पाण्याखाली राहणाऱ्या पायऱ्यांसाठी त्यातल्या वाळूचा काही भाग काढून विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घाला. दर्ज भरण्याआधी दगड भिजवा, कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषतो आणि दर्ज भुगा होते. भरल्यावर ओली पोती टाकून सात-दहा दिवस ओलावा टिकवा. मे महिन्यात काम काढलं तर चुना आवळायच्या आत कृष्णा वर चढते.